मे चौऱ्याहत्तरची वाघीण

नंदकुमार मसुरकर विम्याच्या कचेरीत छत्तीस वर्षं खुर्ची उबवून निवृत्त झाला. रेल्वेशी त्याचा संबंध महिन्याच्या पासापुरता. तरी मुलुंड पूर्वेच्या त्या सोसायटीत कोणी नवीन राहायला आलं, की तो जिन्यातच ओळख करून द्यायचा. "मी मसुरकर. वाघिणींतला माणूस."

समोरचा दचकला की नंदकुमार खूश. मग तो समजावून सांगायचा, की मालगाडीच्या डब्याला रेल्वेतली मराठी माणसं वाघीण म्हणतात, आणि आपण जुन्या वाघिणींच्या हुबेहूब प्रतिकृती करतो, सत्त्याऐंशी पटीने लहान. त्यानंतर ठरलेला विनोद. "एक वाघीण स्वयंपाकघरात, एकेचाळीस आतल्या खोलीत."

हा विनोद पंधरा वर्षं चालला होता. बदलायचा तो फक्त आकडा, कारण आतल्या खोलीतल्या वाघिणी वाढत होत्या. स्वयंपाकघरातली एकच राहिली, एवढंच त्यातल्या त्यात बरं. तिचं नाव प्रेमा.

आतली खोली दहा बाय अकराची. मुलगी ऋतिका नववीत असताना नंदकुमारने खिडकीखाली एक टेबल टाकलं, "फक्त रविवारपुरतं". सोमवारी ते तिथेच होतं. दिवाळीपर्यंत भिंतीला भिंत लागून तीन टेबलं झाली, त्यांच्यावर रूळ आले आणि ऋतिकाचा पलंग खाली वॉचमनच्या खोलीत गेला. दहावी, बारावी आणि बीकॉम पोरीने हॉलमधल्या दिवाणावर उरकलं. बापाला भेटायला आलेली माणसं तिच्या वह्या बाजूला सारून बसायची आणि "अभ्यास चाललाय का?" असं विचारायची.

वाघिणीच्या भिंतींना लग्नपत्रिकांचा जाड कागद उत्तम. त्यामुळे मसुरकरांकडे कोणाच्या लग्नाची पत्रिका आठवडाभर टिकली तर नशीब. प्रेमा एकदा मुहूर्त उलटून गेल्यावर आहेर घेऊन पोचली होती, हॉलवाले खुर्च्या गोळा करत होते. गंज दाखवायला तिच्या करंड्यातली पिंजर, धूळ दाखवायला गाळून वाळवलेली चहापत्ती, ब्रेकच्या नळीला तिच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा. "सगळं घरचंच सामान," नंदकुमार पाहुण्यांना अभिमानाने सांगायचा. घरचं म्हणजे प्रेमाचं.

हात मात्र चांगला होता, हे नाकारता येणार नाही. वाघिणीच्या दाराची कडी तांदळाच्या कणीएवढी, आणि ती खरोखर उघडायची, लागायची. त्याच हाताने पंधरा वर्षांत बाथरूमच्या दाराची कडी बसवली नव्हती. ती एका बाजूने निखळून लोंबत होती आणि आत गेलेल्या माणसाने दार सुतळीने बांधून घ्यायचं, अशी त्या घरातली पद्धत होती.

प्रेमाचे वडील दत्ताराम पेडणेकर हा या कुटुंबातला एकमेव माणूस, ज्याने खऱ्या वाघिणी हाताळल्या. रेल्वेच्या कारखान्यात ते फिटर होते. वाघिणींची मोठी दुरुस्ती तिथे व्हायची. म्हातारपणी एकदा ते लेकीकडे राहायला आले, तेव्हा जावयाने त्यांना खोलीत नेलं. म्हाताऱ्याने एक वाघीण दोन बोटांत उचलली, डोळ्यांजवळ नेली, उलटी करून पाहिली.

"नंदू, ह्या ब्रेकाचो दांडो हय नसता रे."

"बाबा, ड्रॉइंग आहे माझ्याकडे. परदेशातून मागवलंय."

"बरां," दत्ताराम म्हणाले. वाघीण रुळावर ठेवताना त्यांनी एवढंच विचारलं, "आणि हेच्यार परतीची तारीख खंय हा?"

ते काय, हे नंदकुमारला ठाऊक नव्हतं. मग म्हाताऱ्याने सांगितलं. दुरुस्ती झालेल्या वाघिणीच्या अंगावर पांढऱ्या रंगात दोन तारखा लिहितात. एक दुरुस्तीची, दुसरी परतीची, म्हणजे पुन्हा कधी कारखान्यात यायचं ती. परतीची तारीख घातल्याशिवाय वाघीण फाटकाबाहेर जात नाही. भंगारात निघालेल्या डब्यावर मात्र ती कोणी घालत नाही.

नंदकुमारने "अच्छा" म्हणून विषय बदलला. पण पुढच्या महिन्यात त्याच्या सगळ्या वाघिणींवर दोन-दोन तारखा उमटल्या, आणि छंदवाल्यांच्या मंडळात त्याने 'मालडब्यांवरील तारखा: एक दुर्लक्षित विषय' या नावाचं अर्ध्या तासाचं भाषण ठोकलं. त्यात सासऱ्याचं नाव नव्हतं. प्रेमा मागे बसून बटाटेवड्यांच्या बशा भरत होती, तिने सगळं ऐकलं. ब्रेकचा दांडा होता तिथेच राहिला. दोन वर्षांनी दत्ताराम वारले.

आता त्या मे महिन्याचं.

नंदकुमार लहानपणी भांडुपला, रुळांलगतच्या चाळीत राहायचा. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात तो तेरा वर्षांचा होता आणि चाळीमागच्या रुळांवर एक मालगाडी येऊन थांबली ती वीस दिवस हललीच नाही. चाळीतली पोरं रोज तिच्यावर. एका वाघिणीत किल्ला, दुसरीत तुरुंग, तिसरीच्या टपावर कैऱ्या आणि तिखट-मीठ. "अख्खी मालगाडी आमच्यासाठी उभी होती," हे तो डोळे मिटून सांगायचा. छंदाचं मूळ म्हणून मंडळात सांगायचा, लग्नात पंगतीत सांगायचा, एकदा तर मयताला स्मशानाबाहेर थांबलेल्या लोकांना सांगितलं होतं.

प्रेमाने ही गोष्ट प्रथम ऐकली ती लग्नानंतर महिन्याभरात. तेव्हा ती नवी होती, बोलायची. ती म्हणाली, "तेव्हा रेल्वेचा संप होता. आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. पोलीस यायचे दारात. बाबा मानखुर्दला आत्याकडे लपले होते, मी दहा वर्षांची, खेळायला चालले सांगून त्यांना भाकरी पोचवायचे. मग पकडलंच त्यांना. नोकरीवरून काढलं. परत घेईपर्यंत तीन वर्षं बाजारात बसून लोकांचे स्टोव्ह दुरुस्त करत होते."

"हो ना!" नंदकुमार मांडीवर थाप मारून म्हणाला होता. "संप होता म्हणूनच तर गाडी हलली नाही. काय मजा आली होती यार!"

त्यानंतर पस्तीस वर्षांत प्रेमाने त्या मे महिन्याचं नाव त्याच्यासमोर काढलं नाही.

गेल्या वर्षी नंदकुमारने त्या मालगाडीतली वाघीण करायला घेतली. बेचाळिसावी. आयुष्यातलं सर्वोत्तम काम म्हणायचा. चार चाकांची, बंद, लाल मातीच्या रंगाची. तिला अकरा महिने लागले. या अकरा महिन्यांत ऋतिकाला दिवस गेले.

ऋतिकाचं सासर बोरिवलीला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे प्रेमाने मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. पोरीला या घरात स्वतःची खोली कधी मिळाली नाही, निदान तीन महिने तरी तिने दार लावून झोपावं, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती. पण विहीणबाई चतुर. सातव्या महिन्यात फोनवर म्हणाल्या, "तुमच्याकडे जागेची अडचण आहे म्हणे. थिनरचा वास पण असतो ना घरात? डॉक्टर नको म्हणाल्यात वासाला. राहू दे इथेच, आम्ही करू सगळं."

"अडचण कसली?" प्रेमा म्हणाली. "बुधवारी आणायला येते."

फोन ठेवून ती खोलीत गेली. नंदकुमार कपाळाला भिंग बांधून वाघिणीवर वाकला होता.

"अहो, ही खोली रिकामी हवी. बुधवारी ऋतिकाला आणायचंय."

"रविवारी प्रदर्शन आहे. ते झालं की लगेच."

"लगेच म्हणजे?"

"लगेच म्हणजे लगेच. सोमवारी. वचन देतो, बस?"

विम्याच्या माणसाचं वचन. मुदत संपेपर्यंत त्यात काही हाती लागत नाही. तरी प्रेमाने धरून ठेवलं.

रविवारी सकाळी ती निवडक वाघिणी खोक्यात भरू लागली. प्रदर्शनाच्या दिवशी हे काम तिचं. जुन्या मऊ साडीचे चौकोन करून प्रत्येक वाघीण त्यात गुंडाळायची. नंदकुमार शेजारी उभा राहून "हळू, हळू" म्हणायचा. बेचाळिसावी हातात आली. प्रेमाने चष्मा लावला. डब्याच्या खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या पांढऱ्या अक्षरांत, तिच्या वडिलांच्या कारखान्याची खूण होती आणि पुढे दुरुस्तीची तारीख. पाच चौऱ्याहत्तर.

ती तशीच उभी राहिली.

"काय झालं?"

"ही तारीख चुकलीय."

"चुकलीय?" नंदकुमार हसला. "माझी तारीख? अगं, तो महिनाच तर आहे. माझी आठवण म्हणून मुद्दाम घातलाय. तुला काय कळतं त्यातलं? फडकं दे ते."

प्रेमाने फडकं दिलं.

का चुकली, हे त्याने विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पंधरा मिनिटं हातात होती, ओल्या बोळ्याने आकडा पुसून दुसरा घालता आला असता. त्याने विचारलं नाही. ती कशाला सांगते?

प्रदर्शन मुलुंड पश्चिमेला, एका शाळेच्या हॉलमध्ये. मंडळाचे बावीस सभासद. वरून विमान पडलं तरी खाली रूळ मोजत बसतील असली माणसं. बावीस टेबलं, त्यांच्यावर हिरवा वेलवेट, आणि टेबलांमागे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बावीस बायका, पाण्याच्या बाटल्या सांभाळत. दुसऱ्याच्या वाघिणीतली चूक काढणं हा इथला खरा छंद, आणि त्यात नंदकुमारचा हात धरणारा कोणी नव्हता. गेल्या वर्षी घाटकोपरचा दातांचा डॉक्टर हर्षद परतीची तारीख दुरुस्तीच्या आधीची घालून बसला होता. "काय डॉक्टर," नंदकुमार भर हॉलमध्ये ओरडला होता, "दात आधी काढता आणि भूल नंतर देता का?" हर्षदची बायको तेव्हा तिथेच उभी होती, हातात त्याचा डबा घेऊन.

यंदा परीक्षक म्हणून मंडळाने खराखुरा रेल्वेवाला आणला होता. लवू तळेकर. ऐंशीच्या पुढचे, हातात काठी, कारखान्यातून निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झालेली. प्रत्येक टेबलापाशी थांबायचे, "झकास" म्हणायचे आणि पुढे सरकायचे. नंदकुमारच्या टेबलापाशी त्यांनी खुर्ची मागवली. नंदकुमारने चारी बाजूंना नजर फिरवली. लोक जमले.

"बेचाळिसावी," तो म्हणाला. "बघा काका, दार उघडतं."

"दार रवांदे. माका भिंग दी."

लवूकाकांनी बराच वेळ वाचलं.

"ही तारीख काय म्हणतास?"

"पाच चौऱ्याहत्तर. तुमच्याच कारखान्यातली. संदर्भ तपासून घातलीय."

"मे चौऱ्याहत्तर?" म्हाताऱ्याने भिंग खाली ठेवलं. "अरे, त्या म्हयन्यात थंय एक खिळो ठोकूक कोण नाय होतो! फाटकाक कुलूप. आमी अर्धे तुरुंगात, अर्धे पळान गेलेले. मगे ही दुरुस्त केल्यान कोणी? पोलिसांनी?"

हॉल हसला. बायकासुद्धा हसल्या, तोंडावर पदर न घेता. हर्षद टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होता. तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मसुरकरकाका, ही भूल बरीच लवकर दिलीत." वर्षभर सांभाळून ठेवलेलं वाक्य असणार.

नंदकुमारचा चेहरा वाघिणीच्या रंगाचा झाला. आणि मग त्याने तेच केलं, जे असली माणसं करतात. तो वळला.

"प्रेमा, तुझे वडील होते ना तिथे? तू सांगायचं नाहीस मला?"

"सकाळी सांगितलं."

"कधी?"

"तुम्ही 'फडकं दे' म्हणालात, त्याच्या आधी."

लवूकाकांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "तुझो बापूस आमच्यात होतो? कोण गो?"

"दत्ताराम पेडणेकर."

"दत्तारामाचां चेडू तू?" म्हातारा काठीवर जोर देऊन अर्धवट उठला आणि परत बसला. "आमी एका कोठडीत होतंव. मगे तो बाजारात स्टोव्ह दुरुस्त करूक बसलो. हात काय होतो तेचो! ज्या स्टोव्हाक तेणां हात लावल्यान, तो परत बिघडूक नाय." मग त्यांनी नंदकुमारला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ही घरात आसताना तुका इचारूक काय झाला होता?"

बक्षीस हर्षदला मिळालं.

परतताना रिक्षात तीन खोकी प्रेमाच्या मांडीवर होती आणि एक नंदकुमारच्या. घरी आल्यावर त्याने आधी चहा मागितला. चहा झाल्यावर बोलला.

"सगळा रंग उतरवायला लागणार. नुसती तारीख बदलून चालणार नाही, खाली डाग राहतो. पहिल्यापासून करावी लागेल. दोन महिने तर कुठे गेले नाहीत."

"उद्या सोमवार आहे," प्रेमा म्हणाली.

"मग?"

"खोली."

"अगं, ऐकलंस ना तू हॉलमध्ये काय झालं? पुढच्या सभेत ही वाघीण नेऊन ठेवली नाही त्यांच्यासमोर, तर माझी काय राहिली? आता टेबल हलवणं शक्यच नाही."

"आणि ऋतिका?"

"तिला हॉलमध्ये झोपू दे ना," नंदकुमार म्हणाला. "तिला सवय आहे."

प्रेमाने त्याच्याकडे पाहिलं. मग कप उचलले, विसळले, ओट्यावर उपडे घातले. रडली नाही. भांडलीही नाही. भांडायला समोर कोणीतरी लागतं.

सोमवारी सकाळी नंदकुमार थिनर आणि नवीन ब्रश आणायला लोहार चाळीच्या बाजारात गेला. तिकडे गेला की त्याला अर्धा दिवस लागतो, दुकानदाराला मालगाडीची गोष्ट सांगायची असते. तो फाटकाबाहेर पडला तशी प्रेमाने वॉचमन कुंडलिकला वर बोलावलं आणि तिच्या शिवणयंत्राच्या खणातला पेचकस त्याच्या हातात दिला.

"टेबलांचे पाय काढायचे. मग ऋतिकाचा पलंग वर आणायचा."

"ताई, साहेब ओरडतील."

"साहेब थिनर आणायला गेलेत."

"त्यो पलंग बी माझ्याच खाली हाय आता," कुंडलिक म्हणाला. "पंधरा वर्षं झोपतोय त्याच्यावर."

"तुला दिवाण देते हॉलमधला. पाठ दुखणार नाही."

कुंडलिक लगेच कामाला लागला. प्रेमाने बेचाळीस वाघिणी एकेक करून गुंडाळल्या. एकीचंही चाक हललं नाही, एकीचीही कडी तुटली नाही. फिटरची मुलगी होती, राग काढायला तिला वस्तू फोडाव्या लागत नव्हत्या. सहा खोकी झाली. तिने फिनेल टाकून लादी दोनदा पुसली, खिडकी सताड उघडली. थिनरचा वास दुपारपर्यंत रेंगाळला आणि मग गेला.

नंदकुमार परतला तेव्हा सहाच्या सहा खोकी हॉलमध्ये एकावर एक होती आणि कुंडलिक स्टुलावर चढून माळा साफ करत होता. आतल्या खोलीत पलंगावर धुतलेली चादर होती. नंदकुमार दाराच्या चौकटीत उभा राहिला. हातातली पिशवी त्याने खाली ठेवली, उचलली, परत ठेवली.

"हे काय?"

"माळ्यावर जातायत."

"माझ्या वाघिणी? न विचारता?"

प्रेमाने पडद्याची दांडी हातात घेतली. तो प्रश्न त्याचा त्यालाच ऐकू आला असावा. स्टुलावर कुंडलिक खोकला.

"किती दिवस?" नंदकुमारने जरा खालच्या आवाजात विचारलं.

तिने ऋतिकाच्या जुन्या कंपासपेटीतला काळा मार्कर त्याच्यापुढे धरला. "खोक्यांवर तारखा घाला. तुमचं अक्षर चांगलं आहे."

त्याने मार्कर घेतला. माणूस असा, की रंग आणि लिहायची जागा दिसली तर घर जळत असतानाही अक्षर वळणदार काढेल. पहिल्या खोक्याच्या कोपऱ्यात त्याने आजची तारीख घातली, नीट, एका ओळीत. दुसऱ्या खोक्यावर, तिसऱ्यावर. सहाही झाली. मग तो पहिल्या खोक्याशी परत आला, पहिल्या तारखेखाली मार्करचं टोक टेकवलं आणि थांबला.

"परतीची काय घालू?"

पस्तीस वर्षांत त्याने तिला विचारलेली ही पहिली तारीख. प्रेमा पडद्याच्या कड्या दांडीत ओवत होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"ती नका घालू."

याचा अर्थ मुलुंडमध्ये नंदकुमारएवढा कोणाला कळत नव्हता. अर्धा तास भाषण केलं होतं त्यावर. त्याने मार्करला टोपण लावलं.

"द्या साहेब," कुंडलिक वरून म्हणाला. "पाय भरून आले माझे."

नंदकुमारने खोकं उचलून दिलं. मग दुसरं दिलं. सहावं माळ्यावर सरकलं, तशी प्रेमाने दांडी भिंतीला लावली, हात झटकले आणि पेचकस आणि कागदाच्या पुडीतली नवी कडी त्याच्या हातात ठेवली.

"बाथरूमच्या दाराची. ऋतिका येण्याआधी बसली पाहिजे. सुतळी बांधायला तिला आता वाकता येणार नाही."

नंदकुमारने पुडी उघडली, कडी तळहातावर घेतली. एवढी मोठी कडी त्याने पंधरा वर्षांत हातात धरली नव्हती. ती त्याने उलटी करून पाहिली, मग सुलटी.

"कुठल्या बाजूला बसवायची?"

"दार बघा," प्रेमा म्हणाली. "त्याचं ड्रॉइंग नाहीये."